नागपुरात जॅझ-हिपहॉप बँड उभा करायचा असेल तर

जॅझची खरी, लाकडा-पितळेची वाद्यं आणि आजच्या शहरी पोरापोरींचं संगीत, म्हणजे हिपहॉप, सोल, आर अँड बी (रिदम अँड ब्लूज), हे दोन्ही एकाच बँडमध्ये वाजवायचं आहे, आणि तेही नागपुरात राहून. हे जमतं. त्यासाठी मुंबईला बिऱ्हाड हलवावं लागत नाही की फार महागडं सामानही लागत नाही. लागतात एक ड्रमर, एक बास वाजवणारा आणि त्या दोघांचा एकमेकांवर बसलेला हात.

नवे बँड बहुतेक इथेच घसरतात. कीबोर्डवर जॅझचे कॉर्ड, ड्रमवर लग्नाच्या ऑर्केस्ट्राचा ठेका आणि त्यावर रॅप. ऐकणाऱ्याला तीन सुट्या गोष्टी एकाच वेळी ऐकू येतात, गाणं ऐकू येत नाही. दोन संगीतं एकत्र येतात ती तळाशी, लयीत. तिथे ती आली नाहीत तर वर कितीही चांगला रॅपर उभा करा, उपयोग होत नाही. म्हणून या लेखात लयीबद्दल जास्त आणि बाकीच्याबद्दल कमी लिहिलं आहे.

आधी ऐका, आणि खालून वर ऐका

हिपहॉपवाले सुरुवातीला जुन्या जॅझ रेकॉर्डमधले तुकडे कापून वापरत. मग त्यांनी वादकांनाच बोलवायला सुरुवात केली. १९९१ मध्ये 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट' या न्यू यॉर्कच्या गटाने 'द लो एंड थिअरी'साठी रॉन कार्टर यांना बोलावलं. साठच्या दशकात ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या पंचकात डबल बास वाजवणारा हा माणूस रॅपखाली वाजवायला उभा राहिला. १९९३ मध्ये गुरू या रॅपरने 'जॅझमटाझ'च्या पहिल्या भागात डोनाल्ड बर्ड यांचा ट्रम्पेट आणि रॉय एअर्स यांचा व्हायब्राफोन घेतला. पुढे जॅझवाल्यांनीही उलट दिशेने पाऊल टाकलं. ट्रम्पेटवादक रॉय हारग्रोव्ह यांचा 'आरएच फॅक्टर' हा बँड २००३ मध्ये आला. २०१२ मध्ये 'रॉबर्ट ग्लास्पर एक्सपेरिमेंट'चा 'ब्लॅक रेडिओ' आला आणि पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी मिळालं, तेही जॅझच्या नव्हे, आर अँड बीच्या विभागात. जेमतेम चार माणसांचा बँड होता तो: कीजवर ग्लास्पर, सॅक्सोफोन आणि व्होकोडरवर (गळ्याचा आवाज यंत्री करणारं उपकरण) केसी बेंजामिन, बासवर डेरिक हॉज आणि ड्रमवर ख्रिस डेव्ह.

यातली दोनच रेकॉर्ड निवडा, पण नीट ऐका. पहिल्या वेळी फक्त बास ऐका, सोबत गुणगुणता येईपर्यंत. दुसऱ्या वेळी ड्रमसेटमधले फक्त स्नेअर (काठीने वाजवायचा टणक आवाजाचा ड्रम) आणि हाय-हॅट (पायाने मिटणाऱ्या झांजांची जोडी). गायक-रॅपरकडे लक्ष द्यायचं ते तिसऱ्या खेपेला. फोनच्या स्पीकरवर बास ऐकूच येत नाही, तेव्हा बरे हेडफोन हवेत.

जॅझ आपल्या कानाला परकं आहे असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात कृष्णवर्णीय अमेरिकन वादक वाजवत होते. ते संगीत गोव्याच्या वादकांनी आपलंसं केलं आणि त्यांच्यामार्फत ते हिंदी सिनेमात उतरलं. सी. रामचंद्र यांच्या १९५१ च्या 'अलबेला'मध्ये चीक चॉकलेट यांचा ट्रम्पेट आहे. आपल्या आजी-आजोबांनी हे सूर रेडिओवर ऐकलेले आहेत.

माणसं कुठे शोधायची

चार जण पुरेत: ड्रम, बास, कीबोर्ड किंवा गिटार, आणि एक गळा. पाचवं माणूस फुंकवाद्याचं असेल तर बँडचा रंगच बदलतो. हे पाचवं माणूस नागपुरात जितकं सहज सापडतं तितकं फार थोड्या शहरांत सापडत असेल, कारण इथल्या बँडपार्ट्यांमध्ये ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवणारे कसलेले लोक आहेत. भर उन्हात वरातीपुढे तासन्‌तास वाजवून त्यांचा दम तयार झालेला असतो. जॅझ शिकलेला पोरगा शोधत बसण्यापेक्षा या वादकांकडे जा. लग्नसराईत ते हाती लागणार नाहीत. आषाढी ते कार्तिकी, लग्नं थांबलेली असतात तेव्हा भेटा, आणि त्यातही गणपतीचे दिवस सोडून. वयाने मोठे असतील तर काका म्हणा, दादा म्हणा, पण सरावाचेही पैसे द्या. हा त्यांच्या पोटाचा धंदा आहे. 'एक्स्पोजर मिळेल' हे वाक्य त्यांच्यापुढे उच्चारू नये.

एक तांत्रिक गोष्ट पहिल्याच दिवशी मिटवून टाका. ट्रम्पेट आणि टेनर सॅक्सोफोन बी फ्लॅटची वाद्यं आहेत, आल्टो ई फ्लॅटचं. पियानोवर डी मायनर वाजत असताना ट्रम्पेटवाल्याच्या बोटांना तो ई मायनर असतो आणि आल्टोवाल्याला बी मायनर. हे कागदावर लिहून त्याच्या हातात द्या, नाहीतर पहिला सराव 'तुझा सूर चुकतोय' या वादातच संपतो.

ड्रमर निवडताना वेगाला भुलू नका. ऐंशीच्या लयीत दहा मिनिटं एकच ठेका एकाही रोलशिवाय वाजवायला सांगा. तिसऱ्या मिनिटाला ज्याचे हात सळसळायला लागतात, त्याला अजून वेळ द्यावा लागेल.

खरं काम: लय

डेट्रॉइटचा निर्माता जे डिला (१९७४–२००६) आकाईच्या एमपीसी ३००० या यंत्रावर ठेके बांधायचा. त्याचं ते यंत्र आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवलेलं आहे. तो काही ठोके यंत्राने सरळ करू द्यायचा नाही, काही मुद्दाम मागे-पुढे ठेवायचा. हाय-हॅट सरळ, किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) झोका घेणारी, स्नेअर निराळ्याच जागी. ठेका लंगडतोय असं वाटतं, पण पडत नाही. आजच्या जॅझ ड्रमरांनी यंत्रातली ही चाल परत हातात आणली, आणि या सगळ्या संगीताचा कणा तोच आहे.

आकड्यांत पाहू, म्हणजे धुकं राहत नाही. लय मिनिटाला ८४ मात्रांची धरा. एक मात्रा साधारण ७१४ मिलिसेकंदांची झाली. तिचे चार भाग केले की एक भाग सुमारे १७९ चा. ऑफबीट, म्हणजे दोन ठोक्यांमधला ठोका, बरोबर मध्यावर पडला तर ठेका सरळ. यंत्राच्या भाषेत हे ५० टक्के. जुन्या जॅझचा झोका ६६ टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे तीन भागांतले दोन पहिल्याला आणि एक दुसऱ्याला. आपल्याला हवं ते या दोहोंच्या मधे कुठेतरी, ५४ ते ६० च्या दरम्यान. आणि स्नेअर आपल्या मात्रेच्या वीस-तीस मिलिसेकंद मागे. एवढासा फरक मोजून वाजवता येत नाही, तो अंगात भिनवावा लागतो.

सराव असा करा. मेट्रोनोम ८४ वर लावू नका, ४२ वर लावा, आणि त्याची टिकटिक दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर येतेय असं धरा. पहिली आणि तिसरी मात्रा तुमची तुम्ही राखायची. सुरुवातीला दोन मिनिटांत सगळं उलटंपालटं होतं. होऊ द्या, थांबा, पुन्हा धरा. ड्रमर फक्त किक, स्नेअर आणि हाय-हॅट वाजवेल. बास दोनच सूर वाजवेल, पहिल्या बारला, म्हणजे पहिल्या चार मात्रांना, डी आणि दुसऱ्याला जी. हाय-हॅट टिकटिकीला चिकटून, स्नेअर तिच्या किंचित मागे, आणि बास स्नेअरकडे कान लावून. बासवाल्याने सूर कधी सुरू करायचा यापेक्षा कधी तोडायचा याकडे जास्त लक्ष द्यावं. स्नेअर पडताक्षणी सूर कापला की ठेका एकदम श्वास घ्यायला लागतो. दहा मिनिटं वाजवा आणि फोनवर रेकॉर्ड करा. मग ते ऑडॅसिटी या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून लाटा मोठ्या करून बघा. स्नेअरची लाट टिकटिकीच्या मागे आहे का? दर वेळी तेवढीच मागे आहे का? कधी मागे, कधी पुढे असेल तर तो झोका नाही, ती गडबड आहे.

तबला शिकलेल्यांना इथे मोठा फायदा होतो. समेच्या जरा मागून किंवा पुढून उचलायचं आणि तरी आवर्तन ढळू द्यायचं नाही, हे अतीत-अनागत त्यांनी गुरूसमोर बसून केलेलं असतं. असा कुणी ओळखीचा असेल तर त्याला सरावाला बोलवा, बँडमध्ये घेतलं नाही तरी चालेल. टाळी देऊन तो तुमचे दोष लगेच सांगेल.

पहिला महिना हे एवढंच करा. कीबोर्डवाल्याला कंटाळा येईल. त्याने ऐकत बसावं, कारण पुढे त्याला याच्यावरच वाजवायचं आहे.

कॉर्ड: दोन पुरेत

पियानोवाल्याने बासचा सूर वाजवायचा नाही, तो बासवाल्याचा. डी मायनर नाइन म्हणून एफ, ए, सी, ई एवढेच चार सूर उजव्या हातात घ्या. आता त्यातला फक्त सी अर्धा सूर खाली आणून बी करा: एफ, ए, बी, ई. बासने जी वाजवला की हाच जी थर्टीन झाला. पेटीवाल्यांसाठी सांगायचं तर सफेद एकला सा धरून म, ध, सा, ग, आणि मग त्यातला सा नि वर. एकच बोट हललं, पण खोलीतला उजेड बदलल्यासारखं वाटतं. पहिलं गाणं या दोन कॉर्डांवर बांधा. जॅझवाल्याला आयत्या वेळी सुचेल ते वाजवायला भरपूर जागा मिळते आणि रॅपरच्या पायाखालची जमीन हलत नाही. तीस कॉर्डांचं गाणं नंतर करता येईल.

वाद्यं आणि नागपूरचं हवामान

बाहेरच्या मार्गदर्शकांत हे सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि हवा पार कोरडी होते. लाकूड आकसतं. गिटारच्या मानेतून फ्रेटच्या (धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) कडा बाहेर येऊन बोटांना टोचायला लागतात, तारा खाली बसतात, पुढची पाटी तडकू शकते. पावसाळ्यात उलटं: लाकूड फुगतं, तारा उंच होतात, बोटं दुखतात. अकूस्टिक गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र खोलीत ठेवा. वाद्य वाजवून झालं की पेटीत आणि पेटी बंद, भिंतीवर टांगून ठेवू नका. कूलर असलेल्या खोलीत आर्द्रता बरी राहते, पण कूलरच्या थेट झोतात वाद्य ठेवलं तर एकीकडून ओलं आणि दुसरीकडून कोरडं होतं, आणि तडे असेच जातात. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तर वाद्य पाच मिनिटंही नको, सरस सुटतो. सॅक्सोफोन-क्लॅरिनेटच्या पात्या उन्हाळ्यात वाकड्या होतात. त्यांना बंद डबी द्या आणि वाजवण्याआधी नीट ओलवा.

डबल बासची हौस असते, ती मी समजू शकतो. पण तो मिळवणं, दुरुस्त करणं, ऑटोतून नेणं आणि उन्हाळ्यात सांभाळणं हे सगळं नव्या बँडच्या आवाक्याबाहेरचं आहे. साधी बास गिटार घ्या, तिला फ्लॅटवाउंड (गुळगुळीत) तारा लावा आणि ब्रिजजवळ तारांखाली स्पंजची पट्टी सरकवा. सूर गोल आणि आखूड होतो, लाकडी बासच्या बराच जवळ जातो. पियानोच्या जागी ८८ वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो चालेल. पाच सप्तकांचा हलक्या पट्ट्यांचा कीबोर्ड मात्र टाळा, त्यावर हळुवार वाजवायची सवयच लागत नाही.

ड्रमला लहान किक बघा, १८ किंवा २० इंची. रॉक बँडची २२ इंची किक छोट्या खोलीत सगळ्यांना गिळते. स्नेअरवर सुती रुमाल किंवा जुन्या ओढणीचा तुकडा पसरा, हिपहॉप रेकॉर्डवरचा तो कोरडा 'ठप्प' आवाज तिथेच मिळतो. सोलोच्या वेळी रुमाल उचलायचा, आणि गाणं क्षणात जॅझ क्लबमध्ये जातं. या एका रुमालात बँडची दोन्ही घरं आहेत.

रॅपर आल्यावर

रॅपर शेवटी आणा, पण पाहुणा म्हणून आणू नका. तोही बँडमधलं एक वाद्यच आहे. नागपुरात गाण्यातून थेट बोलायची सवय जुनी आहे. भीमगीतं आणि शाहिरी इथल्या वस्त्यांमध्ये लहान मुलांच्याही तोंडी असते, वामनदादा कर्डकांची गीतं लोकांना पाठ आहेत. ज्या पोराच्या कानात हे आहे त्याला शब्द लयीत कसा टाकायचा हे शिकवावं लागत नाही. त्याला मुंबईच्या रॅपची नक्कल करू देऊ नका, एवढंच पाहा. घरी, नाक्यावर तो जशी वऱ्हाडी-नागपुरी बोलतो तशीच लिहू द्या. 'काऊन बे', 'कुठी चालला' यांत अक्षरं आखूड आणि ठसठशीत आहेत, मात्रेच्या त्या चार भागांवर ती आपोआप बसतात.

गाण्याचा आराखडा सगळ्यांसमोर भिंतीवर लावा. सुरुवातीला चार बार नुसता ठेका, मग सोळा बार रॅप, आठ बार गायलेली ओळ, सोळा बार सॅक्सोफोन, पुन्हा रॅप. सॅक्सोफोनच्या वेळी रॅपरने 'ये, ये, कमॉन' म्हणायचं नाही, गप्प राहायचं. रॅपच्या वेळी सॅक्सोफोनने भरणा करायचा नाही. शेवटी दोघांना चार-चार बारांची देवाणघेवाण द्या: रॅपरच्या शेवटच्या ओळीची लय सॅक्सोफोनने उचलायची आणि वळवून परत करायची. लावणीच्या फडावरचे सवाल-जवाब पाहिलेल्या श्रोत्यांना हे लगेच कळतं, आणि कार्यक्रमात टाळी इथेच येते.

आवाजाची कसोटी एकच. सरावात रॅपर माइकशिवाय बोलेल आणि खोलीतल्या प्रत्येकाला त्याचे शब्द कळतील, इतपतच ड्रम वाजले पाहिजेत. नाही कळले तर ड्रमरने ब्रश घ्यावेत.

सरावाची जागा, शेजारी आणि कायदा

ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ड्रमसेट बंद खोलीत सहज शंभरच्या पुढे जातो. म्हणजे धरमपेठ असो की सक्करदरा, घरात सराव करायचा तर शेजाऱ्यांशी आधी बोलावंच लागेल. स्वतः जाऊन सांगा, वार आणि वेळ ठरवून द्या, आणि ती पाळा. खिडक्यांना गाद्या-गोधड्या लावल्याने खोलीतला घुमारा कमी होतो, बाहेर जाणारा आवाज फारसा थांबत नाही. त्यासाठी तळमजल्यावरची, रस्त्याकडे खिडकी नसलेली खोली शोधा, किंवा तासावर मिळणारा सराव स्टुडिओ घ्या. उन्हाळ्यात दुपारी सराव ठेवू नका. लोक झोपलेले असतात आणि कूलरच्या घरघरीत बास ऐकू येत नाही. सकाळी सात ते नऊ सोयीचं. रेकॉर्डिंग करताना कूलर बंद करा, घाम येऊ द्या.

पहिला कार्यक्रम

सिव्हिल लाइन्समधलं डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह किंवा रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह डोळ्यांसमोर असेल, तर ते पुढच्यासाठी ठेवा. पहिला कार्यक्रम चाळीस-पन्नास माणसांसमोर करा: एखादा कॅफे, कॉलेजची खोली, हिवाळ्यात कुणाची गच्ची. पाच गाणी, पाऊण तास. तारीख डिसेंबरमध्ये घेताना हिवाळी अधिवेशन कधी आहे ते बघा, त्या दिवसांत सिव्हिल लाइन्सकडे बंदोबस्त असतो आणि श्रोते पोचायला वैतागतात. उघड्यावर स्पीकर लावणार असाल तर पोलिसांची परवानगी आधी काढा. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, तेव्हा साडेसातला सुरू करून नऊला आवरा.

साउंडवाले दादा डीजे आणि ऑर्केस्ट्राला सरावलेले असतात. ते किक फुगवतात आणि रॅपरच्या आवाजावर भरपूर एको टाकतात. वाद घालू नका. आधी भेटून तुम्हाला आवडणारी एक रेकॉर्ड त्यांच्याच स्पीकरवर लावा आणि 'दादा, किक एवढीच, आणि आवाज कोरडा पाहिजे' असं सांगा. ऐकवलं की समजतं. छोट्या जागेत ड्रमला एक माइक वरून आणि एक किकला, बास डीआय बॉक्समधून, म्हणजे माइकशिवाय थेट मिक्सरमध्ये, एवढं पुरतं. रॅपरने माइकची जाळी मुठीत धरली तर शीटी मारणारच, हे त्याला सरावातच सांगा.

पैसे आणि हक्क

हा विषय सगळे टाळतात आणि बँड फुटतात. पहिल्या कार्यक्रमाचे पैसे आले की आधी साउंड, भाडं आणि बँडपार्टीतल्या वादकाचं ठरलेलं मानधन द्या. उरलेल्याचे समान वाटे करा. बँडचा खर्च हवा असेल तर तोही एक वाटा धरा.

गाण्याचा हक्क निराळा. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, ठेका दोघांचा असं असतं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा पक्का झाला आहे, आणि इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस, सभासद झालेल्या गीतकार-संगीतकारांच्या वतीने ती रॉयल्टी गोळा करते. पण कुणाचा किती वाटा हे तुम्हीच कळवायचं असतं. म्हणून गाणं तयार होईल त्याच दिवशी, सगळे खोलीत असतानाच, वहीच्या एका पानावर गाण्याचं नाव, तारीख, कुणी काय केलं आणि कुणाला किती टक्के हे लिहा. सगळ्यांच्या सह्या घ्या आणि त्या पानाचा फोटो बँडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका.